धुराड्याच्या पलीकडे

एफ्रेनने कपाटाच्या छतातली फळी डोक्याने वर ढकलली आणि माळ्यावरचा गारठा थेट त्याच्या टाळूवर येऊन बसला.

"काही नाही तिथं!" मागून गेझा बालोग ओरडला. "अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी स्वतः थंडी अडवायची लोकर अंथरलीय सगळीकडे. या हातांनी."

म्हातारा बैठकीतल्या कोचावर बसला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो तिथेच असायचा, पण आवाज अजून पोलाद कारखान्यातलाच होता, यंत्रांवरून ओरडायची सवय लागलेला. त्याची बायको इलोना शिडीच्या पायथ्याशी शिडी धरून उभी होती. शिडी धरायची काहीच गरज नव्हती. तिच्या अंगात दोन स्वेटर होते, वरच्या स्वेटरवर छातीशी हिरवा बेडूक विणलेला.

"केलंय त्याने खरंच," ती हळूच म्हणाली. "घराला दोष नाही. मीच अशी आहे. पोरीने परस्पर शहराच्या घरं उबदार करायच्या योजनेत नाव घातलं. तुम्हाला उगाच खेप."

"बेडकी आहे ती!" गेझा म्हणाला. "थंड रक्ताची. नातवंडं दर नाताळला बेडकाचं काहीतरी आणतात. मोजे, टोपी, हा स्वेटर. आणि मेणबत्तीचं सांग की त्याला!"

"जाऊ दे."

"दर नाताळला, पाहुणे जमले की, मेणबत्ती पेटवून हिला घरभर फिरवायचो. वारा येतो म्हणतेस ना? कुठून येतो? बोट ठेवून दाखव. ज्योत तसूभर हलायची नाही. लोक पोट धरून हसायचे."

"मीपण हसायचे," इलोना म्हणाली.

एफ्रेन हसला नाही. शुक्रवार होता, आठवड्यातलं हे पाचवं घर, आणि त्याचे गुडघे सकाळपासूनच बोलत होते. सरोवराच्या काठाने अशी घरं रांगेने उभी आहेत. कारखान्याला माणसं हवी होती तेव्हा भराभर बांधली, भिंतीत काही नाही, छतावर काही नाही. ईरी सरोवरावरून जानेवारीत काय येतं ते बांधणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना तिथं राहायचं नव्हतं, इतकंच. कारखाना गेला, माणसं उरली, आणि आता त्यांना ऊब द्यायला माणसं पाठवतात तीही असल्याच घरांत राहणारी.

कपाळावरचा दिवा लावून तो वर चढला.

गेझा खोटं बोलत नव्हता. दारापासून काचेच्या लोकरीच्या गुलाबी पट्ट्या वाशांमध्ये नीट, ताणून बसवल्या होत्या. कोपरे कापून घातले होते. हौसेने काम केलेल्या माणसाचं काम ओळखू येतं. एफ्रेन फळीवरून रांगत धुराड्याच्या विटांपाशी पोचला आणि पलीकडे दिवा वळवला.

पलीकडे काहीच नव्हतं.

उघडे वासे, त्यांच्यामध्ये खालच्या खोलीच्या छताची पाठ, आणि छपरातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर गोठलेलं दहिवर. त्यातच त्याच लोकरीच्या चार गुंडाळ्या पडल्या होत्या, कागदी वेष्टनसुद्धा न फाडलेल्या. एका गुंडाळीवर कातडी हातमोज्यांची जोडी होती. एकावर एक ठेवलेली, बोटं सरळ केलेली. उद्या सकाळी येऊन घालायची असल्यासारखी.

एफ्रेनने स्वतःचा हातमोजा काढून छताच्या पाठीवर तळवा टेकवला आणि काढून घेतला. वारा नव्हताच. खालची ऊब इथून गुपचूप वर निघून जात होती, सगळा हिवाळा, दर हिवाळा. ज्योत हलणार कशाला?

खाली कोणती खोली आहे ते त्याने सकाळी पाहिलं होतं. उत्तरेची, सरोवराकडची. पलंगावर चार रजया. "मी इथे झोपते," इलोनाने दाखवलं होतं. "तो बाहेर कोचावर. आधी रात्रपाळी असायची, मग घोरायला लागला. माझी झोपमोड नको म्हणून."

तो खाली उतरला तेव्हा इलोना स्वयंपाकघरात काहीतरी ढवळत होती, पाप्रिकाच्या तिखटाचा वास सुटला होता. गेझाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि बोटाने त्याला जवळ बोलावलं.

"किती आत गेलास?"

"धुराड्याच्या पलीकडे."

म्हाताऱ्याने मुक्या टीव्हीकडे तोंड फिरवलं. बोलला तेव्हा आवाज यंत्रांच्या घरघरीत बुडून जाईल इतका खालचा होता.

"जुलै होता. दोन-दोन पाळ्या चालल्या होत्या. माळ्यावर भट्टीपेक्षा वाईट. धुराड्यापर्यंत आलो आणि वाटलं, आता मेलो. म्हटलं, उद्या. खाली आलो तर हिने थंड बिअर पुढं केली, म्हणाली, झालं? मी म्हणालो, झालं."

"आणि मग?"

"मग काय? सप्टेंबरात करू, ऑक्टोबरात करू. आणि थंडी पडली तोवर ही गल्लीभर सांगून मोकळी, माझ्या नवऱ्याने केलं म्हणून." त्याने एफ्रेनची बाही पकडली. "तुमचा तो कागदाचा राखाडी भुसा वरून पडला की काय होतं नि काय नव्हतं, कुणाला कळतंय? पुरून टाक, बाबा. दार लाव आणि जा."

एफ्रेनने बाही सोडवून घेतली. तो तळघराकडे निघाला.

भुसा घरभर ओढला जाऊ नये म्हणून त्याने घर तापवणारी भट्टी बंद केली, नळी घेऊन वर गेला, भेगा फेसाने बुजवल्या. बाहेर ट्रकवर त्याचा जोडीदार टेरेल होता, यंत्रात भुशाचे गठ्ठे फोडून टाकायला. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"काय रे, झोपलास का वर?"

"चार गुंडाळ्या पडल्यात. बंद."

"पडू दे. वरून मार. त्या भोकातून काढत बसलास तर अंधार होईल. कोण बघतंय?"

कुणी बघत नव्हतंच. वळचणीच्या कोपऱ्यात, जिथं पोटावर सरपटत जावं लागतं, तिथं कुणीच कधी बघत नाही. एफ्रेनलाही माहीत होतं आणि एफ्रेनच्या गुडघ्यांना तर फारच चांगलं माहीत होतं. त्याने यंत्र सुरू करायला सांगितलं. नळी फुरफुरली, राखाडी भुसा वाशांमध्ये भरत चालला, गुंडाळ्यांच्या कडेला लागला, वर चढू लागला.

"पोरा!" खालून इलोनाचा आवाज आला. पन्नाशीच्या माणसाला पोरा. "गारठला असशील वर. कॉफी देऊ का? माझ्यापायी बिचाऱ्या तुम्हा लोकांना... खरं तर काही गरज नव्हती हं."

भुसा हातमोज्यांच्या बोटांपर्यंत आला होता.

"बंद कर," एफ्रेन वॉकीटॉकीत म्हणाला.

"काय झालं?"

"बंद कर म्हणतो ना."

गुंडाळ्या त्या भोकातून सहजी उतरणाऱ्या नव्हत्याच. दाबून, वळवून, शिव्या घालून त्याने एकेक खाली सोडली. इलोना कॉफीचा पेला धरून कपाटाच्या दाराशी उभी होती. पहिली गुंडाळी तिच्या पायाशी पडली तेव्हा ती बाजूला झाली. दुसरी पडली तेव्हा तिने पेला खाली ठेवला. वेष्टनावर मुख्य रस्त्यावरच्या हार्डवेअर दुकानाचं नाव होतं, ते दुकान बंद होऊन पिढी गेली होती. चौथीच्या मागोमाग त्याने ते हातमोजे खाली दिले.

"हे मी दिले होते," ती म्हणाली. "वाढदिवसाला. हरवले म्हणाला होता."

एफ्रेन शिडीवर थांबला. त्याच्या पापण्यांवर भुसा बसला होता.

"कुठे होतं हे सगळं?"

"तुमच्या खोलीच्या वर."

"अंथरलेलं?"

"नाही, बाई. असंच."

तिने हातमोजे उलटसुलट करून पाहिले, एकात हात घातला, काढला. मग बेडकावरून हात फिरवला, चुरगळलेला कपडा सारखा करतात तसा.

"थंडी वाजते म्हणून थायरॉइडच्या गोळ्या खात होते मी," ती म्हणाली. "वीस वर्षं."

"गुंडाळ्या ट्रकमध्ये टाकू?"

"नको. बैठकीत ठेव. टीव्हीच्या शेजारी."

एफ्रेनने त्या नेऊन ठेवल्या. गेझाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. एफ्रेनकडेही नाही.

मग तो परत वर गेला आणि पोटावर सरपटत वळचणीच्या टोकापर्यंत पोचला, जिथं कुणी बघत नाही तिथं, आणि भुसा भरला. टेरेल वॉकीटॉकीवर कुरकुरत राहिला. एफ्रेन त्याला उत्तर द्यायच्याही पलीकडे दमला होता.

सगळं उरकून फळी बसवून तो खाली आला तेव्हा बाहेर सरोवराचा रंग शिशासारखा झाला होता. दिवसभर माळ्याचं दार उघडं आणि भट्टी बंद, घर पार निवालं होतं. तळघरात जाऊन त्याने भट्टी पुन्हा लावली, वर येऊन शिडी दुमडू लागला.

"इलोना," कोचावरून गेझा म्हणाला. त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं. "इलोना, गार पडलंय गं."

ती स्वयंपाकघरातून आली, हात पुसत. त्याच्याकडे पाहिलं. परत आत गेली, खण उघडल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली ती मेणबत्ती घेऊन. लाल, नाताळातली, अर्धी जळलेली. काडी ओढून तिने ती पेटवली आणि एक गुंडाळी कोचासमोर ओढून तिच्यावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. मेणबत्ती दोघांच्या मध्ये धरली.

"कुठून येतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती फक्त फार दमलेली वाटत होती. "बोट ठेवून दाखव."

ज्योत सरळ उभी होती. एफ्रेन शिडी अर्धी दुमडून तसाच थांबला.

गेझाने ज्योतीकडे पाहिलं, मग तिच्या स्वेटरवरच्या बेडकाकडे.  पांघरुणाखालून त्याचा हात बाहेर आला, आणि त्याने बोट छताकडे केलं.

इलोनाने मेणबत्ती विझवली.