शरबातची वाऱ्याची बाजू

इनासने बोरूच्या चटईची शेवटची गाठ दातांनी आवळली आणि शिडीवरूनच खाली बघत म्हणाली, "हं, आता बोला साहेब."

"बोलायचं काय डोंबल!" खाली उभे असलेले शौकतसाहेब म्हणाले. प्राणिसंग्रहालयाचे ते संचालक. सणाचा म्हणून घातलेला नवा कोट सकाळीच घामाने चिकटला होता. "लोक अस्वल बघायला येणार, आणि आम्ही त्यांना चटया दाखवणार! अहो इंजिनियरबाई, या दुमियात शहरात समुद्राच्या वाऱ्याकडची खोली मिळावी म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जातात. ती बाजू तुम्ही उचलून अस्वलाला दिलीत. माझा चहाचा ठेला यायचा होता तिथे."

"अस्वलाच्या अंगावर केस आहेत. तुमच्या गिऱ्हाइकांच्या नाहीत."

"बोलण्यात हार जात नाहीत बाई!"

इनास खाली उतरली. हार जायला तिला परवडणारच नव्हतं. साऱ्या प्राणिसंग्रहालयाचा नवा आराखडा तिने केला होता. सिंहांसमोर गजांऐवजी खंदक, माकडांना जिवंत झाडं, पक्ष्यांना उडता येईल एवढं उंच जाळं. नगरपालिकेतल्या मंडळींनी या सगळ्याला माना डोलावल्या होत्या. घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. प्रत्येक प्राण्याला, वाटेल तेव्हा, माणसांच्या नजरेआड होता आलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. तो कुणाच्याच गळी उतरेना. शेवटी शौकतसाहेबांनी अट घातली होती. एकच पिंजरा, एकच दिवस, आणि तोही शम्म अल-नसीमचा, म्हणजे अख्खं शहर वसंताचा वारा खायला घराबाहेर पडतं त्या सणाचा. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, तर संध्याकाळी चटया उतरणार आणि आराखडा कपाटात जाणार.

म्हणून शरबात अस्वलीच्या अंगणात आता मातीचा उंचवटा होता, त्यावर बोरूच्या चटयांचा आडोसा, आणि त्यामागे उत्तरेला गार, सावलीची गुहा. शरबात रात्रीच तिथे गेली होती. सकाळपासून तिचा कानसुद्धा कुणाला दिसला नव्हता.

"ती येईल," पालथ्या बादलीवर बसलेला बसयूनी म्हणाला. शरबातचा रखवालदार तो. पिल्लू असताना तिला त्याने बाटलीने दूध पाजलं होतं. तो गजांवर लोखंडी कडी वाजवायचा, की ती दोन पायांवर उभी राहून कपाळाला पंजा लावायची, आणि पोरं आनंदाने किंचाळायची. "चटई बांधा नाहीतर किल्ला बांधा. माझ्यावर जीव आहे तिचा. मी बोलावलं की येते."

"तेच बघायचंय काका," इनास म्हणाली.

दरवाजे उघडले आणि माणसांचा लोंढा आत आला. कुणाच्या डोक्यावर चादरींची गाठोडी, कुणाच्या हातात रंगवलेल्या अंड्यांच्या टोपल्या, कांद्याच्या पातीच्या जुड्या. आणि खारवलेल्या मासळीचा तो वास, जो या सणाला साऱ्या इजिप्तच्या नाकात बसतो. थोड्याच वेळात अस्वलाच्या कठड्याशी ही गर्दी झाली.

"अहो, अस्वल कुठंय?"

"कुवेतला गेलं! नोकरी लागली त्याला."

"मग आपल्या मेहुण्याला का नाही नेलं सोबत? तोही तसाच आहे, खातो आणि झोपतो."

हशा पिकला, पण पोरं रडकुंडीला आली तसा हशाचा सूर बदलला. एकाने कठड्यावर चप्पल आपटली. दुसरा म्हणाला, मेलं असेल, लपवतायत मेले. इनास कठड्याला पाठ लावून गर्दीसमोर उभी राहिली.

"मेलेली नाही. आत आहे, चांगली धडधाकट आहे. आयुष्यभर तुम्ही तिच्याकडे बघत आलात. आज तिला वाटलं तर ती बाहेर येईल."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर नाही येणार," इनास म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

शौकतसाहेबांनी लांबूनच बसयूनीला मान उडवून खूण केली. बसयूनी उठला, झगा झटकला आणि कडी वाजवली. गर्दी कठड्यावर रेलली. आडोशामागे काही हललं नाही. त्याने पुन्हा वाजवली, अंमळ जोरात. मग नावाने हाक मारली, लाडाने, लहान पोरीला मारावी तशी.

"काका, बायको रुसलीय वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

बसयूनीचा चेहरा खर्रकन उतरला. गर्दीत कुणाला ते कळलं नाही, पण इनासला कळलं. आपण जिंकत होतो, तरी या म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं.

पण म्हातारा हार मानणारा नव्हता. तो चादरी-चादरींतून फिरला आणि घरोघरच्या ताटांतली मासळीची डोकी एका पातेल्यात गोळा केली. दर सणाला हे ठरलेलंच. या वासाला शरबात वेडी व्हायची. त्याने पातेलं कठड्यावर ठेवलं, वाट बघितली, मग बोट ओलं करून वर धरलं. वारा समुद्राकडून येत होता, गुहेवरून, चटयांवरून, सरळ माणसांच्या तोंडावर. मासळीचा वास कणभरही तिकडे जाणार नव्हता.

"मुद्दाम केलंस हे?" त्याने इनासला विचारलं.

"नाही हो. मला फक्त तिला गारवा द्यायचा होता."

त्याने तिच्याकडे रोखून बघितलं, पातेलं उचललं आणि मागच्या बोळाकडे निघाला. त्या बोळातून गुहेच्या जाळीपर्यंत जाता यायचं. पातेलं दाखवत दाखवत तिला जाळीच्या कडेकडेने बाहेर आणणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. इनास धावत पुढे गेली आणि दारात उभी राहिली.

"काका, आज तुम्ही तिला बाहेर काढलंत, तर हे सगळं उद्या उतरेल. मग पुन्हा कुणी बांधणार नाही. तिच्यासाठीही नाही, बाकीच्यांसाठीही नाही."

"ठाऊक आहे मला. सर बाजूला, पोरी."

ती सरली. दार त्याच्यामागे लागलं. शौकतसाहेब येऊन शेजारी उभे राहिले आणि कोटाची बटणं उघड-बंद करू लागले. कठड्याशी लोक टाळ्यांचा ठेका धरून "शरबात! शरबात!" ओरडत होते. इनास चटयांकडे टक लावून उभी होती. आता तपकिरी डोकं दिसेल, मग दिसेल.

दार उघडलं. बसयूनी एकटाच बाहेर आला. पातेलं रिकामं होतं.

"काय झालं?" शौकतसाहेबांनी विचारलं.

बसयूनी थेट कठड्याशी गेला आणि हात वर केला.

"टाळ्या बंद करा! जेवलीय ती आणि आडवी झालीय. आज येणार नाही."

"मग उठवा की काका!"

"नाही उठवणार."

मग पुढे उभ्या असलेल्या एका बाईने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. पहाटेपासून अंडी उकडून, मासळी सोलून, चार पोरांना आंघोळी घालून ती इथवर आली होती. तिने आडोशाकडे डोळे भरून बघितलं.

"इंजिनियरबाई," ती म्हणाली, "अशी एक चटई माझ्या घरी बांधून द्याल का हो?"

सगळ्यात आधी बायका हसल्या. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पुरुषही हसले, जरा ओशाळत. कुणीतरी कठड्यालगतच चादर अंथरली, शेजारी दुसरी पडली, कांदे फुटले, पोरांनी अंड्याला अंडं आपटायला सुरुवात केली. तिकीट खिडकीकडे कुणीच फिरकलं नाही. शौकतसाहेबांनी दोनदा मान लांब करून खात्री करून घेतली.

"माझा ठेला कुठे टाकू ते तरी सांगा आता," ते कुरकुरले.

"दक्षिणेला."

"तिथे ऊन रणरणतं!"

"उसाचा रस विका. धो धो खपेल."

साहेब काहीतरी पुटपुटत गेले. पण जाताना बोटांनी जागा मोजत गेले. इनासने मोठा श्वास सोडला आणि बसयूनीजवळ जाऊन बसली. तो बादलीवर बसून रिकामं पातेलं पुसत होता. पुसून झालं तरी पुसतच होता.

"आत काय झालं, काका?"

"काय व्हायचंय? मी डोकी जाळीखालून आत सरकवली. ती आली, सगळी तोंडात धरून कोपऱ्यात घेऊन गेली आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ली. वळूनसुद्धा बघितलं नाही गं. खाऊन उताणी पडली, पाय वर करून, बेशरमासारखी. अशी झोपलेली कधी बघितली नव्हती मी तिला."

"वाईट वाटलं?"

"वाटणार नाही?" तो वसकन म्हणाला, आणि झग्याच्या बाहीने नाक पुसलं.

तेवढ्यात उशिरा आलेलं एक कुटुंब कठड्याशी थडकलं. बापाने खांद्यावरच्या मुलीला उंच धरलं, चटयांच्या वरून डोकावून बघितलं, आणि मग तो म्हाताऱ्याकडे वळला.

"चाचा, अस्वल नाही का?"

बसयूनीने बादली उचलली, बोळाच्या दाराला आडवी लावली आणि तिच्यावर ठाण मांडून बसला.

"आहे की," तो म्हणाला. "घरी आहे."