उपाशी वाकळ

औशाच्या गुणाबाईनं शिवलेली वाकळ कधी उपाशी राहिली नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर टाचून झाले की शेवटचा कोपरा मिटण्याआधी ती आत भाकरीचा तुकडा सारायची. वाकळीचं पोट भरलं की पांघरणाऱ्याचंही भरतं, ही सासूची शिकवण. शिकलेल्यांना हसायचं तर त्यांनी खुशाल हसावं.

किल्लारीकडं भूकंप झाला. तिची गरोदर लेक उज्वला ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, जावई निघाला नाही. माहेरी गेलं तर सरकारकडून मिळणारं नवं घर हातचं जाईल, या धास्तीनं उज्वला तिथंच राहिली आणि पत्र्याच्या शेडात बाळंत झाली. थंडीत तो पत्रा बर्फासारखा गार पडायचा.

गुणाबाईनं गल्लीतल्या बाया जमवल्या, दारोदार जुनी लुगडी मागितली आणि सगळ्या शेडांना पुरतील एवढ्या वाकळा शिवायला घेतल्या. तिकडची माणसं उपाशी, म्हणून या खेपेला प्रत्येकीत तिनं तुकड्याऐवजी चतकोर भाकर सारली, वर गुळाचा खडा. वाकळा एका व्यापाऱ्याच्या गोदामात रचल्या. एक उज्वलाला आधी ने, असं शेजारच्या शिवगंगेनं सुचवलं, तर गुणाबाई तिच्यावरच उखडली.

"पंगत बसायच्या आधी आपल्याच लेकीला वाढायचं व्हय?"

मदतीचा ट्रक आज येतो, उद्या येतो करत दिवाळी उलटली. शेवटी आला, थप्पी उतरवली, आणि वाकळांतून चिंध्या गळायला लागल्या. उंदरांनी एकही सोडली नव्हती. जिथं भाकर, तिथं भगदाड. आंधळ्या मायेचं असंच असतं, करायला जाते एक आणि होतं भलतंच.

"तुझ्या गुळानं घात केला, गुणाबाई," शिवगंगा हळूच म्हणाली. बाकीच्या खाली वाकून चिंध्या वेचायला लागल्या. ट्रक रिकामाच गेला.

धड उरलेले काठ कापून तिनं दिवसभरात एक लहानगी वाकळ शिवली. शेवटच्या कोपऱ्याला हात आपसूक भाकरीच्या टोपलीकडं गेला. तिनं तो मागं घेतला आणि कोपरा शिवून टाकला.

ती शेडात पोचली तेव्हा लेकरू खोकून खोकून निळं पडलं होतं. उज्वलानं वाकळ त्याच्याभोवती गुंडाळली. तिच्याजवळ आता दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"आई, भाकर घातलीस ना आत?"

"हाव. घातली की."

उज्वलाच्या जिवाला तेवढाच धीर आला. ती लेकराला कुशीत घेऊन आडवी झाली. गुणाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. खोकला काही थांबेना, आणि ती मनातल्या मनात त्या उपाशी वाकळीची माफी मागत राहिली.