मरळीच्या काट्याचा आळ

शालिकरामच्या गळ्यात मासोळीचा काटा अडकला म्हणून सकाळी सकाळीच ढिवरटोलीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली, अर्धी माणसं त्याच्या अंगणात जमली. काटा म्हटलं की या टोलीत जो तो डॉक्टर! इलाजही ठरलेला. कोरड्या भाताचा मुटका न चावता गिळायचा, पाठीत एक दणका घालायचा, की काटा गेला पोटात.

मुटके वळायला शालिकरामचा धाकटा भाऊ लच्छू बसला होता. या कामात टोलीत त्याचा हात मानलेला, मग त्याची ऐट काय विचारता!

“काल मरळीचा रस्सा तूच खाऊ घातला ना वैनी?” त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. “काटा राह्यला असंन त्यात.”

“बोटानं चाचपून चाचपून दिला मी,” अन्नपूर्णा म्हणाली. पण मनात शंका आलीच. खरंच राहिला असेल तर?

नवऱ्याला तिनं दोन दिवसांपूर्वीच नागपूरहून घरी आणलं होतं. तळ्याच्या बांधावरून तो जाळ्यासकट घसरला होता, आणि तेव्हापासून त्याचे हात बधिर झाले होते. जाळं फेकलं की दोरी हातातून सुटायची. तिथल्या डॉक्टरनं गळ्याला पुढून चीर देऊन मानेचे मणके जोडले. “कमरेचं हाड काढून मानेत बसवायची गरज नाही,” तो मोठ्या कौतुकानं म्हणाला होता. “हाड वाढवणारं नवीन औषध आलंय, तेच मणक्यांच्या मधे ठेवू.” निघताना मान हलवू नका, पट्टा काढू नका, एवढंच सांगितलं होतं.

शालिकराम खाटेवर बसून होता. तोंडातून लाळ गळत होती आणि दर श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. अन्नपूर्णानं मानेचा पट्टा हळूच सैल केला. बघते तर काय, जबड्यापासून खालपर्यंत गळा टरारून फुगलेला!

“हे काट्याचं काम नाई,” ती म्हणाली. “काट्यानं गळा बाहेरून असा फुगते काय? याहिले थुंका गिळता येऊन नाई राह्यला, मुटका कसा गिळतीन? जीव जाईन त्याहिचा!”

“आपली चूक झाकून राह्यली,” लच्छू बाकीच्यांकडे बघून हसला. दोन-चार बाया पदराआड हसल्या.

हे तिला फार झोंबलं. टोलीतल्या सुना तिच्याकडून मासोळी साफ करायला शिकलेल्या. आता तिनं तोंड उघडलं की स्वतःचं नाव वाचवते म्हणणार, आणि गप्प बसली तर नवरा हातचा जाणार. काय करावं बाईनं? लच्छू मुटका घेऊन भावाच्या तोंडाशी गेला मात्र, अन्नपूर्णानं त्याच्या हातावर असा फटका मारला की भात अंगणभर झाला. कोंबड्या धावल्या.

“म्हणा मले खोटारडी! म्हणा मीच काटा खाऊ घातला! पण अगोदर गाडी आणा!”

गाडी कोण आणतो? मग तीच पळत सडकेवर गेली आणि चंद्रपूरला निघालेल्या गुलाम रसूलच्या काळीपिवळी जीपसमोर उभी राहिली. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाला, “उतरो भाई, सब उतरो.” आडवं केलं की शालिकरामचा श्वास कोंडायचा, म्हणून सगळी वाट तिनं त्याला छातीशी टेकवून बसवलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात शिरताच, मागून गाडीत चढलेला लच्छू ओरडला, “काटा अडकला, काटा!” डॉक्टरीण बाई बॅटरी घेऊन घशात बघायला वाकल्या.

“काटा नाई बाई,” अन्नपूर्णानं त्यांचा हातच धरला. “मानेचं ऑपरेशन झालं. मणक्यात हाड वाढवाचं औषध टाकलं आहे.”

बाईंनी बॅटरी खाली ठेवली आणि आरडाओरड करून माणसं गोळा केली. श्वासनळीत नळी गेली तेव्हा शालिकरामची नखं निळी पडायला लागली होती.

“त्या औषधानं कधीकधी गळ्याला अशी सूज येते,” बाई नंतर बाहेर येऊन म्हणाल्या. “एक घास गेला असता तर हे इथवर पोचले नसते.” लच्छू पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. अन्नपूर्णाचा राग आता दुसरीकडेच होता.

दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. डॉक्टरीण बाईंनी नागपूरच्या डॉक्टरला फोन लावला. त्यांचं बोलून होताच अन्नपूर्णानं फोन मागून घेतला.

“डॉक्टरसायब, गळा फुगू शकते हे तुमाले ठाव होतं?”

“फार क्वचित होतं, बाई. उगाच घाबरवायला नको म्हणून...”

“घाबरवाचं होतं ना मले! गळा फुगला त्याच घडीले मी गाडी केली असती.” तिनं लगेच विचारलं, “ते औषध अजून कोणाच्या मानेत टाकलं?”

“एक पेशंट आहे. आज घरी चाललाय.”

“त्याची बायको कुठी आहे?”

“इथंच, बाहेर बसली आहे.”

डॉक्टरीण बाईंनी फोनसाठी हात पुढे केला. अन्नपूर्णानं तो कानाशी आणखी घट्ट धरला.

“मंग फोन तिले द्या,” ती म्हणाली. “मी थांबून आहो.”