शेवटचा नळ

माझी बायको नेवेना गेली तेव्हा तिच्या फोटोचा छापील कागद मी आमच्या इमारतीच्या दारावर लावला, बेकरीसमोरच्या झाडावर लावला. चाळीस दिवसांनी नवा लावला. सोफियात माणूस गेला की सगळेच लावतात, नाहीतर लोकांना कळायचं कसं. फक्त गरम पाण्याच्या झऱ्यापाशी लावला नाही. तिथल्या नळांवर ती रोज सकाळी पाणी भरायला जायची. तिथल्या बायकांना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं. अख्ख्या शहरात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे ती अजून उद्या येणार होती.

सहा महिने झाले तेव्हा मेहुणी रुम्याना नवे कागद घेऊन आली. म्हणाली, "भावजी, झऱ्यावर तुम्ही लावता की मी लावू?"

मी लावतो म्हटलं आणि कागद पिशवीत टाकला. तो तिथेच राहिला.

मी पाहुण्यांना शहर चालत दाखवतो. एका वेळी एकच पाहुणा, फार तर एक कुटुंब. पूर्वी माझी फेरी झऱ्यावर संपायची. नेवेना तिथे असली तर पाहुण्याला पाणी पाजायची आणि मी सांगितलेल्या गोष्टींतल्या चुका काढायची. ती गेल्यापासून मी मशिदीपाशीच रस्ता ओलांडतो आणि बाजाराच्या दारात निरोप घेतो.

त्या दिवशीची पाहुणी होती इंगर बाई. डेन्मार्कची, सत्तरीची, गुडघा सांभाळत चालणारी. आम्ही रोमन भिंती पाहिल्या, चर्चमध्ये तिने मेणबत्ती लावली. मशिदीपाशी तिला भरलेल्या बाटल्यांच्या पिशव्या नेणारी माणसं दिसली. हे पाणी कुठलं, तिने विचारलं. झरा आज बंद आहे, मी म्हटलं. तिने त्या ठिबकणाऱ्या बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फक्त गुडघा दुखतोय, जरा बसू या म्हणाली. आणि बाकं होती ती झऱ्यापाशीच.

नेवेनाबरोबर रोज पाणी भरणाऱ्या गिंका मावशीने मला लांबूनच ओळखलं. ऐंशी वर्षांची बाई, पण आवाज खणखणीत.

"आले का साहेब? आणि महाराणी कुठाय?"

मी इंगर बाईला बाकावर बसवलं.

"रुसलीय ना माझ्यावर? तिचं मिरच्यांचं लोणचं खारट झालंय म्हणाले होते मी. तेवढ्यावरून हिवाळाभर तोंड दाखवलं नाही. तिला सांग, माझंच तोंड खारट. शेवटचा नळ अजून तिच्यासाठी अडवून ठेवते. लोक शिव्या घालतात मला."

मला वाटत होतं, मी नेवेनाला इथे जपून ठेवलंय. आणि ही म्हातारी हिवाळाभर स्वतःलाच बोल लावत बसली होती.

मी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिला लगेच कळलं. असा कागद ओळखायला चष्मा लागत नाही. तरी म्हणाली, "तू वाच. मला नीट दिसत नाही."

मी वाचलं. नाव, वय, तुझ्याविना सहा महिने झाले, आणि खाली माझं नाव. मजकूर रुम्यानाने लिहिला होता. मोठ्याने मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. मध्ये एकदा थांबावं लागलं. नळांवरच्या बायकाही थांबल्या होत्या.

गिंका मावशीने ओल्या बोटाने फोटोवरचा थेंब पुसला, त्याने तो आणखीच पसरला.

"खारट नव्हतं रे लोणचं," ती म्हणाली. "चांगलं झालं होतं. म्हणून तर बोलले."

मग तिने आपल्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा फोडला आणि नळांवरच्या प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं. इंगर बाईलाही दिलं. बाईने हसून आभार मानले. मावशीच्या कपाळाला आठी पडली. "हिला सांग, याचे आभार मानत नाहीत."

मी सांगितलं, मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं खाताना म्हणायचं, देव तिला क्षमा करो. इंगर बाईने बिस्किट तसंच हातात धरून ठेवलं. नाव काय, तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिने आमच्या भाषेतले ते शब्द माझ्यामागून एकेक करून अडखळत म्हटले, नेवेनाचं नाव घेतलं, आणि नंतरच बिस्किट खाल्लं.

कागद तिथल्या झाडावर लावताना इंगर बाईच पुढे झाली. तिने दोन्ही तळव्यांनी तो सपाट धरला, मी चिकटपट्टी लावली. तरी वाकडाच लागला. गिंका मावशीने काढायला लावून पुन्हा लावून घेतला.

"उद्यापासून तू येत जा," ती म्हणाली. "तो नळ मी आणखी किती दिवस अडवू?"

इंगर बाईकडे एक रिकामी बाटली होती. ती मी मागून घेतली आणि शेवटच्या नळाखाली धरली. बाटली हातात गरम झाली. बाईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. सगळेच पाहुणे करतात. अशा वेळी नेवेना म्हणायची, दुसरा घोट घ्या, तो बरा लागतो.

मी तेच म्हटलं.