कवाताचे बाबा

"इथं शौचालयाचा खड्डा," न्यांबुरा मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं आणि समोरच्या बाभळीकडे हात केला. "आणि रस्त्याच्या बाजूनं गेट. बरोबर ना, काका?"

किलोंझोने नुसती मान हलवली. कुंपणापलीकडे शेळ्या बांधता बांधता मी ते ऐकलं. त्या बाभळीखाली त्याची थोरली मुलगी पुरलेली होती.

हा माणूस खरं तर गप्प बसणारा नव्हे. आयुष्यभर जमिनीची दलाली केली, पण पद्धत उफराटी: आधी खोट सांगायची, मग जमीन दाखवायची. "पाणी तीनशे फुटांवर, पावसात गाडी रुतेल आणि शेजारीण भांडकुदळ आहे," असं त्याने एका गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सांगितलं होतं. शेजारीण म्हणजे मी. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या मागून धंद्यात आलेल्या पोरांनी बंगले बांधले, हा अजून सायकलवरच फिरतो.

आज मात्र जमीन त्याची स्वतःची होती. दोन एकर. बायको कातुंगेचा खुबा झिजला होता. यंदा ऑपरेशन झालं नाही तर कायमचं अंथरूण धरावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घेणारे होते नैरोबीच्या एका बँकेतले अकरा जण. गट करून जमीन घ्यायची, तुकडे पाडायचे आणि विकायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांच्या वतीने न्यांबुरा मॅडम आणि किप्रोनो साहेब पाहणीला आले होते. आमच्याकडे घरचं माणूस घरच्याच जमिनीत पुरतात, पण शहरातलं गिऱ्हाईक थडगं म्हटलं की काढता पाय घेतं.

"तुमचं नाव ऐकूनच आलोय, काका," साहेब हसून म्हणाले. "सांगा आता, खोट काय?"

"उन्हाळ्यात वारा फार," किलोंझो म्हणाला. "बाकी काही नाही."

मला त्याची चीड आली आणि कीवही आली. तेवढ्यात कातुंगेने ओसरीवरून मला हाक मारून चहाचा थर्मास दिला. तिला काठीनेसुद्धा उतार झेपत नव्हता. मी खाली गेले आणि रोजच्यासारखी ओरडले, "कवाताचे बाबा, चहा घ्या!"

पहिल्या लेकराच्या नावानेच आम्ही आईबापांना हाक मारतो. मी स्वतः मुसेंबीची आई. पस्तीस वर्षं जिभेला तेच वळण. शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली.

मॅडमचं पेन थांबलं. "कवाता कोण? कागदावर तर दोन मुलगेच आहेत."

"ते... थोरल्याचं लाडाचं नाव," किलोंझो म्हणाला.

"कवाता मुलीचं नाव आहे. मी तुमच्याच लोकांत, माचाकोसला चार वर्षं नोकरी केलीय." त्यांचा आवाज चढला. "सगळ्या सज्ञान मुलांनी जमिनीच्या सरकारी बोर्डासमोर उभं राहून विक्रीला 'हो' म्हणावं लागतं, हे तुम्हाला आम्ही शिकवायचं? गेल्या खेपेला अशीच एक लपवलेली लेक वकील घेऊन आली आणि आमचे पैसे दोन वर्षं अडकले. कुठं असते ही? सासरी? लावा फोन. आत्ता, माझ्यासमोर!"

"अहो मॅडम, आमच्या गावात कुणालाही काहीही म्हणतात," मी मध्ये पडले.

"तुम्ही थांबा हो, बाई. फोन लावा, काका."

किलोंझोने खरंच खिशातून फोन काढला. तो कुणाला लावणार होता, देव जाणे.

"नका लावू."

कातुंगे होती. एवढा उतार ती काठी टेकत, अर्धी बसत, अर्धी घसरत उतरली होती. धाप लागली होती.

"तिची सही नाही मिळायची, मॅडम. सहा वर्षांची होती. गोवरात गेली. तुमच्या नकाशात खड्डा काढलाय ना, तिथंच आहे ती."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. न्यांबुरा मॅडम बाभळीच्या सावलीतून दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं, तुझं ऑपरेशन..." किलोंझो पुटपुटला.

"खुबा माझा आहे, माझं मी बघेन. पोरीच्या अंगावर खड्डा खणून मी चालत जाऊ तरी कुठं?"

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "पण मावशी, इथं साधा एक दगडही कसा नाही?"

"मी तेव्हाच म्हणाले होते, सिमेंटचा ओटा करू. तर हे म्हणाले, थडगं दिसलं की जमिनीचा भाव पडतो. पुढंमागं विकायची वेळ आली तर?"

हे तिने जराही आवाज न चढवता सांगितलं. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिले, पण हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या जमिनीतली खोट चव्हाट्यावर मांडणारा हा माणूस स्वतःच्या पायाकडे बघत उभा होता.

"सभासदांशी बोलून कळवतो," साहेब म्हणाले. या वाक्याचा अर्थ किलोंझोइतका कुणाला कळणार! तो म्हणाला, "हो, कळवा," आणि त्यांना गाडीपर्यंत पोचवून आला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तो ओढ्याकडे गेला. बऱ्याच वेळाने पोटाशी धरून एक मोठा दगड घेऊन आला, बाभळीखाली वाकला आणि तो जमिनीवर ठेवला.

"तिथं नाही," कातुंगे म्हणाली. "डोकं इकडं होतं."

तो गुडघ्यांवर बसला आणि तिची काठी जिथे टेकली होती तिथपर्यंत दगड ढकलत नेऊ लागला.