एका किल्लीवर दोघं

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. स्वभावाने जरा तुसडी आहे, पण मित्रांनो, माझं दुखणं खरं आहे. तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या संशोधन केंद्राच्या वर्कशॉपमध्ये झाला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिथे मिळून काम करतात. जमिनीखाली लांबलचक बोगदा आहे आणि त्यातल्या नळीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा झोत सुसाट धावतो. झोत चालू असताना आत माणूस असला तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून दारापाशी एक फळा होता आणि त्यावर आम्ही किल्ल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाने एक किल्ली खिशात घालायची, बाहेर आल्यावर परत लावायची. एक जरी किल्ली कमी असली तरी यंत्र सुरूच होत नसे. भलेभले प्राध्यापक माझ्यासाठी ताटकळत बसायचे. काय रुबाब होता माझा!

मला बहुतेक वेळा पंपवाले मामा न्यायचे. नळीतली हवा काढणारे पंप त्यांच्याकडे होते. सगळं केंद्रच त्यांना मामा म्हणायचं, पण सख्खी भाची एकच. ती शिकून तिथेच शास्त्रज्ञ झाली, तेव्हा मामांनी ही बातमी दिसेल त्याला ऐकवली.

"मामा, पुरे रे आता, लाज वाटते मला," ती म्हणायची.

"वाटू दे की!" मामा हसायचे.

त्या दिवशी नवा प्रयोग सुरू होणार होता आणि त्याची बातमी घ्यायला पत्रकार येणार होते. सगळ्यांची नुसती तारांबळ. नेमका तेव्हाच एक पंप कुरकुरायला लागला. दोघं धावत दारापाशी आले. भाचीने मला उचललं.

"मामा, तुझी किल्ली?"

"अगं, तू घेतलीस ना? बास झालं. दोन मिनिटांचं तर काम."

तिच्या खिशात मी नुसती चरफडत राहिले. किल्लीचं कोण ऐकतंय?

पंप ठीक झाला. तेवढ्यात तिला वरून बोलावणं आलं. "चल रे मामा," म्हणत ती भराभर पुढे निघाली. मामा मागून येतोच आहे, असं ती धरून चालली. मामा मात्र एक ढिला बोल्ट आवळायला थांबले होते. तिने दार लावलं, मला फळ्यावर टांगलं आणि ती वर पळाली. फळा भरला, हिरवा दिवा लागला.

भोंगा वाजला. मामा दुखरे गुडघे घेऊन धावले. यंत्र थांबवायचा लाल दोर त्यांनी ओढलासुद्धा, पण तोवर झोत सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रयोगाची बातमी आली, फोटोसकट. मामांचं त्यात नावही नव्हतं. ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. "वेडाबाई, चूक माझी होती," असं ते भाचीला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तिला ते कधीच पटलं नाही. मग एक दिवस मामा गेले.

आता दार उघडायला किल्ल्यांऐवजी कार्डं लावतात. आम्हा किल्ल्यांना भंगारात काढलं, तेव्हा भाचीने मला तेवढं मागून घेतलं. मी तिच्या टेबलाच्या खणात असते. कधीतरी ती खण उघडते, मला मुठीत घट्ट धरून बसते. फार वाईट वाटतं हो मला.

मित्रांनो, घाई कितीही असू दे, एका किल्लीवर दोघांनी जाऊ नका. आणि दार लावण्याआधी आत एक हाक मारा. तिने मारली असती, तर मामांनी ओ दिली असती.