सूनबाई प्रतिसाद देत नाही

"आधी मेन बंद, मग हात. नुसती धूळ पुसायची असली तरी. काय सांगितलं मी?"

"आधी मेन बंद, मग हात," धाकटीनं पाठ म्हणावा तसं म्हणून दाखवलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या सासऱ्यांचं तेवढ्यानं समाधान झालं नव्हतं. "आणि रोज मासे मोजून मला येऊन सांगायचं. असेल तेच. गोड करून नाही." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

आज पाचवा दिवस. ऊन चढलेलं, आणि मागच्या अंगणातल्या टाक्यात नऊच्या नऊ मासे वर येऊन आ वासत होते. पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला होता.

पंप चाले तो स्मार्ट प्लगवर. पावसापाण्यानं खराब होऊ नये म्हणून सासऱ्यांनी तो टाक्याच्या वरच, काचेचं दार असलेल्या पेटीत कुलूपबंद केलेला. किल्ली त्यांच्या जुडग्यात आणि जुडगा दवाखान्यात, उशीखाली. प्लग चालू करायचा तो फोनवरून. त्याला नावही त्यांनीच ठेवलं होतं, सूनबाई. का, तर सांगितलेलं ऐकते.

धाकटीनं पुन्हा बटण दाबलं. फोनवर अक्षरं उमटली, 'सूनबाई प्रतिसाद देत नाही.'

"घ्या! आता फोनही तुझ्या चहाड्या करायला लागला," थोरली जाऊ दारातून म्हणाली. मग तिची नजर टाक्याकडे गेली आणि हसू तिथंच विरलं. "अगं, तो तांबडा कलंडतोय!"

धाकटी आत धावली. मेन पाडला, दहा आकडे मोजले, मेन चढवला. 'बंद करून चालू कर, होतं ते,' असं नवऱ्यानं कामावरून फोनवर सांगितलं होतं. पेटीतला दिवा लुकलुकला, लाल झाला आणि लालच राहिला. ही तिसरी खेप.

थोरली हातोडी घेऊन आली. "फोड काच. बाबांचं मी बघते."

"कपच्या पाण्यात पडतील, वहिनी. माशांच्या पोटात जातील."

"मग बस देवाचं नाव घेत! दवाखान्यात जाऊन किल्ली आणेपर्यंत एक उरायचा नाही."

धाकटी ते नाव केव्हाची घेतच होती. तिनं हातोडी हातात घेतली आणि सवयीनं पुन्हा मेनकडे वळली. आधी मेन बंद, मग हात.

"आता तो मेन नको गं पाडूस!" थोरली कातावली. "दर वेळी माझा फोन मधेच तुटतो. नेट परत यायला तीन मिनिटं लागतात."

धाकटी जागच्या जागी थांबली. तीन मिनिटं. प्लग तर वीज आल्या आल्या जागा होतो, घरच्या नेटला हाक मारतो. आणि नेट तेव्हा झोपलेलं. हाकेला ओ नाही, म्हणून बिचारा पुन्हा हाक न मारता गप्प बसतो. सकाळी पेटी पुसताना तिनंच मेन पाडला होता. मग दुरुस्त करायला म्हणून पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा. सांगितलेलं ऐकण्याच्या नादात तिनंच त्याला मुकं केलं होतं.

अंगणाच्या लाइनचा वेगळा स्विच स्वयंपाकघराच्या दाराशी होता. तिनं तेवढाच बंद केला.

"वहिनी, नेट आलं की सांगा."

"नाही अजून... नाही... थांब... आलं, आलं!"

तिनं स्विच लावला. दिवा लाल. लाल. लालच. मग तो हिरवा झाला, धाकटीनं फोनवर बोट ठेवलं आणि टाक्यात बुडबुड सुरू झाली.

बऱ्याच वेळानं एकेक मासा खाली गेला. धाकटीनं मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच. सासऱ्यांचा लाडका तांबडा कडेला आडवा तरंगत होता. तिनं ओंजळीत उचलला, पण कल्ले हलले नाहीत.

"नऊच सांग," थोरली हलकेच म्हणाली. "गुडघ्याचे टाके काढू देत, मग बघू. आणि मेनचं तर बोलूच नकोस. तू सांगितलं तेच केलंस, तुझा काय दोष?"

धाकटीनं तांबड्याला कुंडीतल्या मातीत ठेवलं, हात धुतले, सासऱ्यांचा डबा भरला. दाराशी चपला घालताना तिचे ओठ पुटपुटत होते, आठ, आणि चूक माझी. मग दार आवाज न करता ओढून घेऊन ती दवाखान्याच्या वाटेला लागली.